वाडा पाहायला आलेली माणसं

इंग्लंडात सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन एखाद्या जुन्या उमरावाचा वाडा आणि त्याभोवतीची बाग पाहायला जाणं इतकं अंगवळणी पडलं आहे की, ही प्रथा कधी आणि कशी सुरू झाली असा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही बँक हॉलिडेला डबे बांधून हीच वाट धरतात. तरी कोणी विचारलंच, तर ठरलेली दोन उत्तरं मिळतात. एक असं की, काही उदार सरदारांनी आपली दालनं आणि बागा लोकांसाठी खुल्या केल्या. दुसरं असं की, विसाव्या शतकातल्या वारसा कराने सरदारांचं कंबरडं मोडलं आणि छपराच्या दुरुस्तीसाठी त्यांना दारात तिकिटं विकावी लागली. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींमध्ये कर्तेपण वाड्याच्या मालकाकडेच राहतं. आधी तो देतो, मग तो नाइलाजाने विकतो. पाहायला येणारी माणसं मात्र नुसती घेणारी किंवा विकत घेणारी ठरतात. मला पुराव्यांवरून वेगळं दिसतं. हे वाडे टिकले आणि खुले झाले, त्यामागे सर्वांत मोठं बळ पाहायला येणाऱ्यांचं होतं. त्यांनी हक्क आधी वापरला. कायद्याने, विश्वस्त संस्थांनी आणि खुद्द मालकांनी तो पुढे मान्य केला.

मुळात हे वाडे दाखवण्यासाठीच बांधले गेले होते, हे विसरून चालणार नाही. डर्बीशरमधला चॅट्सवर्थचा वाडा पहिल्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरने १६८७ पासून नव्याने बांधायला घेतला. बांधकाम पुरं होण्याच्या आतच, १६९७ मध्ये, घोड्यावरून इंग्लंडभर फिरणारी सीलिया फाइन्स तिथे पोहोचली. तांब्याच्या पत्र्याचं, पाण्याचे फवारे उडवणारं विलो वृक्षासारखं कारंजं तिने आपल्या टिपणांत नोंदवून ठेवलं. बकिंगहॅमशरमधल्या स्टोच्या बागेला इतके पाहुणे येऊ लागले की, त्यांच्या मुक्कामासाठी १७१७ मध्ये बागेच्या तोंडाशी खाणावळ बांधावी लागली. १७४४ मध्ये त्या बागेची छापील मार्गदर्शक पुस्तिकाही विक्रीला आली. विल्टन हाउस या वाड्याच्या नोंदवहीत १७७६ च्या सुमारास वर्षभरातल्या २,३२४ पाहुण्यांची नोंद आहे. मालक घरी नसला तर वाड्याची कारभारीण पाहुण्यांना दालनं दाखवी आणि जाताना तिच्या हातावर नाणं ठेवायचा रिवाज होता. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये एलिझाबेथ पेम्बर्लीचा वाडा पाहायला जाते ती याच रिवाजाने. १८१३ च्या वाचकाला त्यात काहीच नवल वाटलं नसणार.

मात्र ते दार सगळ्यांसाठी नव्हतं. अंगावरचे कपडे, दाराशी आलेली बग्गी आणि बोलण्याची धाटणी पाहूनच कारभारीण आत घेई. ट्विकनहॅमच्या स्ट्रॉबेरी हिलमध्ये लेखक होरेस वॉलपोलने तर नियमच छापून घेतले होते. दिवसाला एकच तिकीट, त्यावर जास्तीत जास्त चार माणसं, वेळ दुपारी बारा ते तीन, तेही फक्त मेपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. आणि येणाऱ्यांनी मुलांना आणू नये अशी स्पष्ट सूचना. म्हणजे आज ज्याला आपण कौटुंबिक सहल म्हणतो ती या नियमांत बसतच नव्हती. अठराव्या शतकातलं वाडा पाहणं हा उच्चकुलीनांचा आपसातला व्यवहार होता. आपण त्यांचा वाडा पाहायचा, ते आपला पाहतील. त्याला सार्वजनिक हक्काचा आरंभ म्हणता येणार नाही, पण एक गोष्ट त्यातून पक्की झाली. मोठा वाडा हा पाहण्याचा विषय आहे आणि अनोळखी माणसाने येऊन तो पाहायला मागितला तर ते उद्धटपणाचं नाही, ही समजूत रुजली. पुढच्या शतकात गिरणीकामगार आणि कारकून आले ते याच समजुतीचा आधार घेऊन.

ते कसे आले, याचं उत्तर चॅट्सवर्थच्याच परिसरात सापडतं. सहावा ड्यूक अविवाहित होता, खर्चिक होता आणि त्याला बागेचा विलक्षण नाद होता. १८२६ मध्ये त्याने जोसेफ पॅक्स्टन या अवघ्या बावीस वर्षांच्या तरुणाला मुख्य माळी नेमलं. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या या माणसाने पुढल्या पंचवीस वर्षांत त्या बागेचं रूपच पालटलं. १८३६ ते १८४० या काळात काचेचं प्रचंड उष्णगृह उभं राहिलं. रशियाचा झार येणार म्हणून १८४४ मध्ये एम्परर कारंजं बांधलं आणि त्याची धार २९६ फुटांपर्यंत पोहोचल्याची नोंद झाली. झार आलाच नाही, कारंजं मात्र राहिलं. ॲम्हर्स्टिया या ब्रह्मदेशातल्या देखण्या फुलझाडासाठी जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला १८३५ मध्ये थेट कलकत्त्याला धाडण्यात आलं. तेच झाड मुंबईच्या राणीच्या बागेत आपल्याकडे उर्वशी म्हणून ओळखलं जातं. ॲमेझॉनच्या पाण्यातलं, पसरट थाळ्यासारख्या पानांचं कमळ ब्रिटनमध्ये पहिल्यांदा फुललं तेही इथेच, १८४९ च्या नोव्हेंबरमध्ये. या उष्णगृहांचा अनुभव गाठीशी होता म्हणूनच १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी पॅक्स्टन लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेस उभारू शकला. रेल्वे कंपन्यांमध्येही त्याने मोठी गुंतवणूक केली होती, आणि बागेचं नशीब रेल्वेशी जुळलेलं होतं. १८४९ च्या उन्हाळ्यात आगगाडी चॅट्सवर्थजवळच्या रोझली गावापर्यंत आली आणि त्या एका मोसमात सुमारे ८०,००० माणसं वाडा नि बाग पाहून गेली. विल्टनच्या नोंदवहीतला आकडा त्याशेजारी ठेवला की, सत्तर-पाऊणशे वर्षांत काय घडलं ते ध्यानात येतं.

यावर पहिला आक्षेप असा की, ड्यूकने परवानगी दिली नसती तर ही माणसं फाटकाबाहेरच थांबली असती. ड्यूकचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. येणारा कोणीही असो, कारंजी सर्वांसाठी सोडावीत, असा त्याचा हुकूम होता आणि तो पाळला जाई. त्या काळातल्या कित्येक मालकांपेक्षा त्याचं मन मोठं होतं. पण ऐंशी हजार माणसांना बोलवायला त्याने कोणाला धाडलं नव्हतं. मँचेस्टर, डर्बी, शेफील्डच्या कामगार मंडळ्या, रविवारच्या शाळा आणि मद्यपानबंदीच्या संघटना आपणहून खास गाड्या ठरवून येत होत्या. टॉमस कुकचा सहलींचा धंदा वाढला तो याच मंडळींच्या जिवावर. १८४८ मध्ये त्याने लेस्टरहून बेल्व्हर कॅसलला सहल नेली, तेव्हा वाड्यातल्या वस्तूंची नासधूस करू नका, अशी ताकीद प्रवाशांना आधीच दिली. ती देणं त्याला आवश्यक वाटलं, कारण झुंडी येतील, चित्रं फाडतील, फुलं ओरबाडतील ही भीती वरच्या वर्गात खरोखरच होती. १८३८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने हॅम्प्टन कोर्टची दालनं विनामूल्य खुली केली तेव्हाही असेच इशारे दिले गेले होते. ते खोटे ठरले. लोक आले, रांगेने फिरले, हिरवळीवर बसून शिदोरी सोडली आणि परतले. उमरावांच्या औदार्याला पुढे चालण्याचं धैर्य आलं ते या वागणुकीमुळे. दान एकदाच देता येतं. दार वर्षानुवर्षं उघडं राहण्यासाठी येणाऱ्यांनीही आपला भाग निभावावा लागतो, आणि तो त्यांनी निभावला.

ही माणसं नेमकं काय पाहायला येत होती, हेही महत्त्वाचं आहे. रोझलीच्या स्टेशनावरून चॅट्सवर्थइतकीच जवळ हॅडन हॉल ही मध्ययुगीन गढी होती. तिथे कोणी राहत नव्हतं, झुंबरं नव्हती, किमती चित्रसंग्रह नव्हता. होतं ते धुराने काळवंडलेलं स्वयंपाकघर, जाडजूड लाकडी मेजं आणि सगळ्या घराने एकत्र जेवायचं मोठं दालन. तरीही सहलीला आलेली माणसं तिकडे आवर्जून वळत. वॉल्टर स्कॉटच्या ‘केनिलवर्थ’सारख्या कादंबऱ्या आणि स्वस्त सचित्र मासिकं यांनी सामान्य वाचकाच्या मनात जुन्या इंग्लंडचं एक चित्र उभं केलं होतं. जोसेफ नॅशने १८३९ ते १८४९ दरम्यान काढलेल्या जुन्या वाड्यांच्या चित्रमालिकेत दालनं रिकामी नसत. त्यांत जेवणारी, नाचणारी, खेळणारी माणसं असत. या चित्रात मालक आणि चाकर एकाच छपराखाली, एकाच पंगतीला बसत होते. इतिहासाच्या कसोटीवर ते फारसं टिकणार नाही, पण त्याने एक काम केलं. हा वाडा ज्याच्या नावावर आहे त्याचा असेल, त्यातला भूतकाळ मात्र आमचा आहे, असं विणकराच्या मुलालाही वाटू लागलं.

ही भावना किती खोल गेली होती याचा सर्वांत बोलका पुरावा केंट परगण्यातल्या नोल इथला आहे. सेव्हनओक्स गावाला लागून असलेला हा प्रशस्त वाडा आणि त्याचं हरणांचं रान लोक पिढ्यानपिढ्या वापरत होते. १८८० च्या दशकात मालकाने वाडा पाहुण्यांना बंद केला आणि रानातून जाणाऱ्या वाटेवर घोडेस्वार व गाड्यांना अडवायला खांब रोवले. १८८४ च्या जूनमध्ये गावकऱ्यांचा मोठा जमाव चालून आला, खांब उपटले आणि वाड्याच्या दाराशी नेऊन टाकले. कोर्टकचेरीत बाजू कोणाची भक्कम होती हा प्रश्न वेगळा. लक्षात घ्यायची गोष्ट ही की, दान मागे घेतलं तर माणूस हळहळतो, पण हक्क काढून घेतला की तो चिडतो. सेव्हनओक्सचे लोक चिडले होते. १९४६ मध्ये नोल नॅशनल ट्रस्ट या विश्वस्त संस्थेकडे आलं, तेव्हा त्या जमावातली बहुतेक माणसं हयात नसतील, पण त्यांनी मांडलेला दावा साठ वर्षांनी मान्य झाला, असं मी म्हणेन.

आता कराची कथा. १८७० नंतर अमेरिकेतलं स्वस्त धान्य बोटींनी येऊ लागलं आणि इंग्लंडातल्या जमिनीचे खंड कोसळले. १८९४ मध्ये अर्थमंत्री हारकोर्टने वारसा कर बसवला तेव्हा दहा लाख पौंडांवरच्या मिळकतीला तो ८ टक्के होता. पहिल्या महायुद्धानंतर सर्वांत मोठ्या मिळकतींवर तो ४० टक्के झाला आणि दुसऱ्यानंतर ८० टक्के. दहावा ड्यूक ऑफ डेव्हनशायर १९५० मध्ये अचानक वारला, तेव्हा मिळकत मुलाच्या नावे केल्यानंतरची पाच वर्षांची मुदत भरायला काही आठवडेच उरले होते. त्यामुळे पूर्ण कर लागला. हजारो एकर जमीन, उत्तमोत्तम चित्रं आणि हार्डविक हॉलसारखा सोळाव्या शतकातला दुसरा वाडा देऊनही तो हिशेब मिटायला दीड दशकाहून अधिक काळ लागला. विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये असे शेकडो वाडे पाडले गेले. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या विनाशावरच प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्या यादीची लांबी पाहून लोक हादरले.

पण कराने वाडे का विकले गेले एवढंच कळतं. काही वाडे जमीनदोस्त झाले आणि काही जनतेचे झाले, हा फरक त्यातून उलगडत नाही. डेव्हनशायर घराण्याचंच पाहा. लंडनमधल्या पिकॅडिलीवर त्यांचं डेव्हनशायर हाउस होतं. नृत्यसमारंभ आणि राजकीय मेजवान्या यांसाठी ते गाजलेलं होतं, पण आमंत्रणाशिवाय सामान्य माणसाचं पाऊल तिथे पडत नसे. कर्ज आणि कराच्या ओझ्यापायी ते विकलं गेलं आणि १९२४ मध्ये पाडलं गेलं. त्याच घराण्याचं, त्याच ओझ्याखालचं चॅट्सवर्थ उभं राहिलं. चॅट्सवर्थ हे घराण्याचं मूळ ठाणं होतं आणि लंडनमधल्या जागेला सोन्याचा भाव होता, ही कारणंही मोठी आहेत. तेवढ्यानेच मात्र सगळं स्पष्ट होत नाही. चॅट्सवर्थमधलंही पॅक्स्टनचं उष्णगृह युद्धकाळात कोळशाअभावी थंडावलं आणि १९२० मध्ये सुरुंग लावून उडवलं गेलं. खुद्द वाडा पाडण्याचा विचार कोणी जाहीरपणे मांडला असता तर डर्बीशरने तो ऐकून घेतला असता, असं मला वाटत नाही. शंभर वर्षं माणसं जिथे मुलांना घेऊन आली, ती जागा नकाशात आणि मनात दोन्हीकडे पक्की बसलेली असते.

नॅशनल ट्रस्टचा इतिहासही हेच सांगतो. १८९५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली यांनी ही संस्था काढली ती शहरातल्या गरिबांना मोकळी हवा आणि डोंगरमाळ मिळावेत म्हणून. सरदारांचे महाल वाचवणं त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं. १८९६ मध्ये संस्थेने घेतलेली पहिली इमारत म्हणजे ॲल्फ्रिस्टनमधलं पाद्र्याचं गवताने शाकारलेलं घर, किंमत १० पौंड. मोठ्या वाड्यांची योजना १९३७ च्या कायद्याने आली आणि १९४० मध्ये लॉर्ड लोथियनने ब्लिकलिंग हॉल मृत्युपत्राने दिला. पुढल्याच वर्षी नॉर्थम्बरलँडमधलं वॉलिंग्टन सर चार्ल्स ट्रेव्हेलियन या समाजवादी माजी मंत्र्याने स्वखुशीने देऊन टाकलं. पिढीजात खाजगी मालकी त्याला तत्त्वतःच मान्य नव्हती. ट्रस्टला वाडा देणाऱ्या मालकाला करमाफी मिळे आणि बहुधा तिथे राहायलाही मिळे, त्यामुळे हा सरदारांच्या सोयीचाच व्यवहार होता अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. टीका रास्त आहे. सुरुवातीला काही वाडे आठवड्यातून मोजक्याच दुपारी उघडत आणि संस्थेची सभासदसंख्या दहा हजारांच्याही खाली होती. चित्र पालटलं ते माणसांच्या हाती वेळ आणि वाहन आल्यावर. १८७१ च्या बँक हॉलिडे कायद्याने हक्काच्या सुट्ट्या दिल्या होत्या, १९३८ च्या कायद्याने भरपगारी रजेचा पाया घातला, आणि पन्नाशीच्या दशकापासून खाजगी मोटारी झपाट्याने वाढल्या. १९४९ मध्ये लाँगलीटचा वाडा अडीच शिलिंगांच्या तिकिटावर उघडला तेव्हा पहिल्याच वर्षी लाखाहून अधिक लोक आले. आज ट्रस्टचे सभासद पन्नास लाखांवर आहेत. ब्रिटनमधल्या कुठल्याही राजकीय पक्षाची आज इतकी सभासदसंख्या नाही.

यावर जाणकारांची तक्रार असते की, ही गर्दी इतिहासासाठी येतच नाही. ती येते चहासाठी, हिरवळीसाठी, आणि लाँगलीटला तर १९६६ पासून मोकळे सोडलेले सिंह पाहण्यासाठी. मला ही तक्रार पटत नाही. सीलिया फाइन्सनेही तांब्याच्या झाडाची गंमत टिपली होती आणि १८४९ च्या गर्दीतही कारंजी उडताना पाहायला आलेले पुष्कळ असणार. बाग हे या वाड्यांचं प्रवेशद्वार पहिल्यापासूनच आहे. त्यातही मुलांना मिळालेली जागा मला फार मोलाची वाटते. वॉलपोलच्या तिकिटाने ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी चॅट्सवर्थने १९७३ मध्ये गोठ्यांचं स्वतंत्र आवार उघडलं. दूध बाटलीतून येत नाही, गाईच्या कासेतून येतं, हे शहरातल्या मुलांना तिथे प्रत्यक्ष पाहता येतं. मालकाच्या चित्रसंग्रहापेक्षा त्या जमिनीवर राबणाऱ्यांच्या कामाशी मुलांची ओळख आधी होत असेल, तर इतिहासाचं त्यात काही बिघडलेलं नाही.

सर्वांत जड आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो आपल्याला थेट भिडतो. हे वाडे कोणाच्या पैशावर उभे राहिले? वेल्समधल्या पेन्रिन कॅसलमागे जमैकातल्या गुलामांच्या घामाची साखर आहे. पॉविस कॅसलमध्ये क्लाइव्ह घराण्याने भारतातून नेलेल्या वस्तू आहेत, त्यांत टिपू सुलतानाचा तंबूही आहे. लंडनमधल्या ॲप्सले हाउसमध्ये डेक्कन सर्व्हिस नावाचा सोनेरी मुलाम्याच्या चांदीच्या भांड्यांचा संच मांडलेला आहे. दख्खनच्या मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी तो आर्थर वेलस्लीला, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला भेट दिला होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई इथे त्याने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, त्या मोहिमेची ही आठवण. अशा दालनांतून मुलांना हसतखेळत फिरवणं म्हणजे लुटीला गोंडस रूप देणं नव्हे काय?

काही प्रमाणात तसं झालेलं आहे. पिढ्यानपिढ्या माहितीफलकांवर गालिच्याचा विणकर आणि खुर्चीचा सुतार यांची नावं आली, पैसा कुठून आला याचा उल्लेख आला नाही. पण ज्या वाड्याचं दार बंद आहे, त्याच्या मालकाला हा प्रश्न विचारायला कोणी जात नाही. तो विचारला जातो सार्वजनिक ठिकाणी, आणि हे वाडे सार्वजनिक झाले ते पाहायला येणाऱ्यांमुळे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ९३ वास्तूंचे गुलामगिरीशी आणि वसाहतवादाशी असलेले संबंध नोंदवणारा अहवाल प्रसिद्ध केला. त्यावर वर्तमानपत्रांत आणि पार्लमेंटमध्ये गदारोळ झाला. सहलीला आलेल्यांना अपराधी वाटायला लावू नका असं एका बाजूने म्हटलं गेलं, तर हा हिशेब फार उशिरा आणि फार मोघम मांडला असं दुसऱ्या बाजूने. हा वाद पुढे संस्थेच्या वार्षिक सभांपर्यंत पोहोचला. फलकावर काय लिहायचं याचं धोरण ठरवणाऱ्या विश्वस्तांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळावर कोणाला निवडायचं, यासाठी तिथे सभासदांनी मतं टाकली. हे मतदार म्हणजे बहुतेक तीच माणसं, जी एरवी वर्षाचं सभासदत्व काढून रविवारी मुलांना घेऊन एखाद्या वाड्याच्या बागेत येतात.